कन्सोल हॉलमध्ये, कॉम्प्युटर खोलीत

आमच्या घरात कुठलीही वस्तू नमुना बघितल्याशिवाय येत नाही. माझे सासरे वारणानगरला डेअरीत दुधातलं फॅट तपासायच्या विभागात नोकरीला होते. निवृत्त होऊन कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट घेतला, त्यालाही बरीच वर्षं झाली, पण सवय काही सुटली नाही. आंब्याची पेटी घ्यायची तर आधी एक आंबा घरी आणून कापायचा. चादर घ्यायची तर दुकानदाराकडून कापडाचा तुकडा मागून आणायचा आणि तो धुऊन, वाळवून बघायचा. माझं लग्न ठरायच्या आधीसुद्धा ते मलकापूरला आमच्या घरी एकटेच येऊन, "गाडी चुकली, जरा पाणी मिळंल काय" असं म्हणून बसून गेले होते. रीतसर बघण्याच्या कार्यक्रमाला आले तेव्हा आईनं त्यांना ओळखलं. "त्या दिवशी नमुना बघायला आलतो," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आई अजूनही त्यांना पाणी देताना पेला दोनदा विसळते.

माझा लॅपटॉप गेला तेव्हा ही सवय मी लक्षात ठेवायला हवी होती. लॅपटॉप कॉलेजपासूनचा. हॉस्टेलवर आम्ही मुली त्याच्यावर आळीपाळीनं गेम खेळायचो. बाकीच्यांची हौस नोकरी लागल्यावर फिटली, माझी फिटली नाही. मला बंदुका घेऊन पळायचे, दबा धरून बसायचे, एकमेकांच्या मागे लागायचे गेम आवडतात. का आवडतात ते मला सांगता येत नाही आणि सांगायची गरजही वाटत नाही. मी राजारामपुरीतच एका क्लासमध्ये गणित शिकवते. सकाळच्या आणि संध्याकाळच्या बॅचच्या मधे, दुपारी घर झोपलेलं असताना, मला दोनेक तास मिळतात. तेवढ्या वेळात मी कुणाची मॅडम नसते, कुणाची सून नसते, आणि कुणी मला गॅस बंद केलास का असं विचारत नाही. ते दोन तास कुणी काढून घेतले असते तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

घरात हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. सून दुपारी दार लावून पेपर तपासते, असं सासूबाईंनी त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. मी त्यांचं ठरवणं मोडलं नाही.

तर तो लॅपटॉप एवढा तापायचा की त्याच्यावर पापड भाजून निघाला असता. एका दुपारी ऐन लढाईत त्याचा पडदा काळा झाला, तो पुन्हा उजळला नाही. क्लासच्या पगारातून मी थोडं बाजूला टाकत आले होते. त्यात एक तर गेमिंग कन्सोल आला असता, नाही तर कमी किमतीतला साधा गेमिंग कॉम्प्युटर. दोन्ही येणं शक्य नव्हतं.

या विषयावर इंटरनेटवर लोक एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत. कन्सोल घेताना स्वस्त पण पुढं त्याचे गेम महाग, कॉम्प्युटर घेताना महाग पण गेम सवलतीत मिळतात, शिवाय उद्या त्याचा एखादा भाग बदलून नवा टाकता येतो, वगैरे. मी ते सगळं वाचलं. पण खरा फरक कुणीच लिहिला नव्हता. कन्सोल टीव्हीला जोडायचा असतो, टीव्ही हॉलमध्ये असतो आणि हॉलमध्ये सासूबाई असतात. कॉम्प्युटर आमच्या खोलीत कपाटाशेजारी मावतो आणि खोलीला दार असतं.

सासूबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचा आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा, आता तो आमच्या हॉलपासून खालच्या रिक्षा स्टॉपपर्यंत जातो. टीव्हीचा रिमोट त्यांच्या उशीखाली असतो. संध्याकाळच्या मालिका त्या नर्सच्याच शिस्तीत बघतात, म्हणजे मधे कुणी बोललं तर त्याला बाहेर थांबायला सांगतात. अशा बाईसमोर, अशा टीव्हीवर, मी बंदूक घेऊन पळायचं म्हणजे डोकं ठिकाणावर नसल्यासारखं होतं. मला कॉम्प्युटरच हवा होता. पण मोकळेपणानं तसं म्हणायची सोय नव्हती.

नवऱ्याला विचारलं. तो एमआयडीसीत फौंड्रीत आहे. "तुला पायजे ते घे की," तो म्हणाला. हा माणूस भाजीवाल्यासमोर अर्धा तास वांगी निवडतो.

आमचं हे बोलणं सासऱ्यांच्या कानावर पडलं आणि पोरगा स्वतःसाठी काहीतरी मोठं यंत्र घेणार आहे, असा त्यांनी अर्थ काढला. ते आमच्या समोर येऊन बसले. "ह्यात फॅट कुठलं?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं.

"ग्राफिक्स कार्ड," मी म्हणाले. "चित्र जेवढं दाट आणि झरझर दिसायला पाहिजे तेवढं ते कार्ड भारी लागतं. दर त्याच्यावरच ठरतो."

"आन कन्सोल?"

"कन्सोल म्हणजे पिशवीतलं दूध, मामा. फॅट आधीच ठरवून पॅक केलेलं. आपल्याला कमी-जास्त करता येत नाही. कॉम्प्युटर म्हणजे सुटं दूध."

"सुट्यात पाणी आसतंय," सासरे म्हणाले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "मग दोन्हीचा नमुना आणाय पायजे."

दुसऱ्या दिवशी ते कापडी पिशवी घेऊन राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले आणि एक गेमिंगचा कॉम्प्युटर आठ दिवस घरी द्या, पसंत पडला तर घेतो, असं म्हणाले. दुकानदारानं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "पावणं, ही काय दुधाची डेअरी हाय व्हय?"

"डेअरी बरी," सासरे म्हणाले. "तिथं नमुना दाखवायला कोन लाजत न्हाय."

शेवटी नमुने ओळखीतूनच मिळाले. नवऱ्याचा एक सहकारी महिनाभर गावाला चालला होता, त्यानं आपला कॉम्प्युटर दिला. त्यानंतर नवऱ्याचा मामेभाऊ आपला कन्सोल आठ दिवस देणार होता. दोन्ही नमुने सारखे दिवस, सारख्या काळजीनं तपासायचे, असा सासऱ्यांनी नियमच घालून दिला.

कॉम्प्युटर आला. त्याची एक बाजू काचेची होती आणि आत निळे, जांभळे, हिरवे दिवे फिरत होते. "ह्ये काय गणपतीच्या मांडवातनं उचलून आणलंय व्हय?" सासूबाई म्हणाल्या. आम्ही तो खोलीत नेऊन ठेवला. त्याच्यासोबत मोठे हेडफोनही होते, तोंडापाशी माइक असलेले. आतापर्यंत मी लॅपटॉपवर मुक्यानं खेळत आले होते. आता माझ्या बाजूनं लढणाऱ्या, कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी गड्यांशी बोलत खेळता येणार होतं. मी हेडफोन कानांवर चढवले आणि जगाचा आवाज बंद झाला. त्याच्याबरोबर माझा स्वतःचा आवाजही मला ऐकू यायचा बंद झाला, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या आठवड्यात नवऱ्याची रात्रपाळी होती, म्हणजे तो दुपारी त्याच खोलीत झोपलेला असायचा. फौंड्रीच्या आवाजाला सरावलेला माणूस तो. उशाशी हलगी वाजवली तरी कूस बदलणार नाही.

आता बाहेर हॉलमध्ये आडव्या झालेल्या सासूबाईंना काय ऐकू येत होतं, ते मला नंतर कळलं.

"मागनं येऊन मारतोस व्हय रं? हिंमत आसंल तर समोर ये की!"

"पळालास? मला एकटीला सोडून पळालास?"

"आता गप पडून ऱ्हा. हलू नगंस. हललास तर मेलास!"

शेवटचं वाक्य मी माझ्याच बाजूच्या एका जखमी गड्याला म्हटलं होतं. मी त्याला मलमपट्टी करत होते, म्हणजे खरं तर सासूबाईंच्याच पेशातलं काम चाललं होतं. पण दाराबाहेर मलमपट्टी दिसत नव्हती. दिसला तो थोड्या वेळानं बाहेर आलेला नवरा. डोळे झोपेनं लालभडक, केस विस्कटलेले, आणि एकाच कुशीवर पडून पाय अवघडल्यामुळं जरा लंगडत.

"काय झालं रं?" सासूबाईंनी विचारलं.

"कुठं काय? काय न्हाय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत सासूबाईंनी असल्या खूप केसेस पाहिल्या होत्या. मार खाऊन आलेलं माणूस हेच म्हणतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला सकाळी उकडलेली अंडी आणि हळद घातलेलं दूध मिळायला लागलं. भाकरीवर तूप पडायला लागलं. त्यानं का म्हणून विचारलं नाही, खाल्लं. सासरे त्याला गच्चीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "बाईमाणसाला कवा कवा राग येतोय. माझं बी आयुष्य गेलंच की." त्याला काही कळलं नाही. तो "बरं" म्हणाला.

माझ्याशी मात्र सासूबाई एकदम जपून बोलायला लागल्या. "दमलीस काय गं? च्या करू?" असं त्या मला विचारायच्या. मला वाटलं, वयानं जरा मऊ झाल्या. त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातलं मोठं लाटणं आणि खलबत्त्याचा बत्ता दोन्ही कुठं गेले ते मला सापडेना. मी मिक्सरवर भागवलं.

एवढ्या तोंडाच्या बाईनं सरळ दार ढकलून विचारलं का नाही, असं कुणालाही वाटेल. पण आमच्याकडं मुलगा-सुनेच्या बंद दारावर कुणी थाप मारत नाही, आणि नवरा-बायकोचं भांडण एकट्यादुकट्यानं विचारत नाहीत. त्यासाठी बैठक बसवतात. दोन्हीकडची मोठी माणसं येतात, चहा होतो, मग तोंड फुटतं. सासूबाईंनी मलकापूरला फोन लावला.

रविवारी सकाळी आमची बुद्धवंदना आटोपली आणि दारात माझी आई आणि थोरले चुलते उभे. मला भलताच आनंद झाला. आईच्या पिशवीत नाचणीचे पापड होते. तिनं मला पोटाशी धरलं आणि सोडेनाच. चुलत्यांनी नवऱ्याच्या डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवली, मग त्याच्या पायांकडं जरा जास्त वेळ बघितलं. चहा झाला. टीव्ही बंद होता, आणि आमच्या घरात रविवारी टीव्ही बंद म्हणजे कुणाला तरी काहीतरी झालेलं असतं. तेव्हा कुठं मला भीती वाटायला लागली.

सासऱ्यांनी घसा साफ केला. "दूध तापाय लागलं की त्याच्यापसनं हलायचं नसतंय," ते म्हणाले आणि थांबले. पुढं काय म्हणायचं ते बहुतेक त्यांनी ठरवलं नव्हतं.

"जावईबापू," चुलते मधे पडले, "कुठं कुठं लागलंय त्ये मोकळेपणानं सांगा. हितं समदी आपलीच माणसं हाईत."

"कुणाला लागलंय?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमास्नी."

आई रडायला लागली. "ल्हानपणी कुणाला चिमटा काढला न्हाय हो हिनं. हिकडं येऊनच काय झालं काय म्हाईत."

"हिकडं येऊन काय व्हनार?" सासूबाईंचा आवाज चढला. "विहीणबाई, मी रोज ऐकालेय. दार लावती आन त्याला मारती. वर म्हंती, हललास तर मेलास!"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. बत्ता कुठं गेला तेही कळलं. मी नवऱ्याकडं बघितलं, त्याच्याही डोक्यात उजेड पडलेला दिसत होता. अंडी, दूध, तूप, गच्ची, सगळं त्याला एका दमात समजलं असणार. तो एकदा माझ्याकडं बघून खाली मान घालून म्हणाला, "व्हय. भांडण झालतं. चूक माझीच हुती."

मला आधी कळेचना की हा असं का म्हणतोय. मग कळलं. खरं सांगितलं असतं तर माझे दुपारचे दोन तास गेले असते, म्हणून हा माणूस राजारामपुरीपासून मलकापूरपर्यंत बायकोचा मार खाणारा नवरा म्हणवून घ्यायला तयार झाला होता. एवढं प्रेम मला त्याच्याबद्दल त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि एवढा रागही आला नव्हता.

"पण मारलं काय ओ हिनं?" आईनं पदर तोंडाला लावून विचारलं.

"थोडंसं," नवरा म्हणाला.

त्या 'थोडंसं'नं घात केला. आईनं असा हुंदका दिला की मला ते बघवेना. "कुणी कुणाला मारलेलं नाही," मी म्हणाले. "मी गेम खेळते."

शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"कसला गेम?" चुलते.

"बंदुकीचा. कॉम्प्युटरवर. मी मारते तो माणूस खोटा असतो."

"आन ह्यो?" त्यांनी जावयाकडं बोट केलं.

"हा झोपलेला असतो."

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. "रोज?"

"रोज. लग्न होऊन आल्यापासून."

"मग पेपर कवा तपासतीस?"

"पेपर मी क्लासमध्येच तपासून येते."

आता संपलं, असं मला वाटलं. उद्यापासून दुपारी दार उघडं, आणि उघड्या दारातून गॅस बंद केलास का, वाळवण आत घेतलंस का, पाव्हणी आलीय बाहेर ये. सासूबाई उठल्या.

"दाव," त्या म्हणाल्या.

सगळी बैठक आमच्या खोलीत आली. सासूबाई, सासरे आणि आई पलंगावर ओळीनं बसले, नवरा कपाटाला टेकला, चुलत्यांना प्लॅस्टिकची खुर्ची दारात टाकून दिली. मी हेडफोन न लावता आवाज मोठा ठेवला आणि खेळायला बसले. क्लासमध्ये फळ्यासमोर मी कधी बिचकत नाही. इथं एवढे डोळे पाठीवर असताना नेम लागेना. पहिल्या झटक्यात मेले. दुसऱ्यांदाही मेले.

"मागं बघ की! मागं हाय त्यो!" सासूबाई ओरडल्या.

"समोरचा कोन हाय?" दारातून चुलत्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आबा. कुणीही असेल. पुण्याचाबिण्याचा."

"पुण्याचा? मग मार की गं!"

तिसऱ्या वेळी मी टिकले. भिंतीआडून एकाला टिपलं तेव्हा आईनं "अगं बया" म्हणून पदर डोळ्यांवर ओढला आणि फटीतून बघत राहिली. सासरे शांतपणे काचेच्या आत फिरणारे दिवे बघत होते. "फॅट ठीक हाय," त्यांनी निकाल दिला. पण चुलत्यांना दारातून काहीच दिसत नव्हतं, आईची मान अवघडली, आणि सासूबाईंना पंखा लागत नव्हता. एवढ्याशा पडद्यावर एवढ्या माणसांनी बघायचं तरी कसं, अशी सगळ्यांची तक्रार निघाली. "दुसरा नमुना हाय न्हवं? त्यो भाईर टीव्हीला लावा," चुलते म्हणाले, "म्हंजे समद्यास्नी बसून बघता येतंय." माझ्या खेळण्याला कुणी काही म्हणालंच नाही. भांडण झालं ते बसायच्या जागेवरून.

कन्सोल आला तो थेट हॉलमध्ये, टीव्हीखाली. सासूबाईंनी आपण होऊन एक मालिका सोडली. मी इतकी खूश होते की क्लासला जाताना गाणं गुणगुणत गेले. लपायचं कारण संपलं होतं. दार लावायला नको, आवाज दाबायला नको, आता कन्सोलच घ्यायचा, असं मी मनात पक्कं केलं.

मामेभावाच्या कन्सोलमध्ये फुटबॉलचा गेम होता. कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पेठा एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात, ते वेगळं सांगायला नको. बातमी आधी खालच्या मजल्यावर गेली, मग समोरच्या इमारतीत. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर चप्पल बाहेर काढून आत आले ते आपल्या पेठेचं नाव घेतच. समोरचे काका दुसऱ्या पेठेचे निघाले. टीव्हीतले संघ परदेशातले, पण त्यांच्या पाठीमागं या दोन पेठा उभ्या राहिल्या. नवरा, ज्याला कधी खेळात रस नव्हता, तो फौंड्रीतून आला की बूट न काढता कंट्रोलर उचलायला लागला. सासूबाईंनी गाड्यांची शर्यत लावून घेतली. पहिला अख्खा दिवस त्यांची गाडी उलटीच चालली, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी "बाजूला व्हा, दवाखान्याची गाडी हाय" असं सांगितलं. मलकापूरहून आबांचा रोज फोन यायचा, पोरगीनं आज किती मारले म्हणून.

पोरगीनं एकही मारला नव्हता, कारण पोरगी चहा करत होती.

हे मला आधी सुचायला हवं होतं. हॉलमध्ये माणसं आली की सून स्वयंपाकघरात जाते. कुणी तसं सांगत नाही, सांगावंच लागत नाही. मी कंट्रोलर हातात घेतला की बेल वाजायची. आलेल्याला पाणी, मग चहा, मग त्याच्याबरोबर काहीतरी. परत येईपर्यंत माझ्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलेलं असायचं, आणि तो पाव्हणा असायचा. दुपारचे दोन तासही गेले, कारण निवृत्त माणसांना दुपार मोकळीच असते. सगळे माझं कौतुक करत होते. "सूनबाई लई भारी खेळती म्हनं," असं मॅनेजर माझ्या हातातला कप घेत म्हणाले.

एके दिवशी मी स्वयंपाकघरात चहा गाळत उभी होते. बाहेर गोल झाला असावा, आरडाओरडा चालला होता. सासूबाई आत आल्या. मला वाटलं, बिस्किटं न्यायला आल्या असतील.

"आज किती येळ खेळलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही खेळले."

"काल?"

मी नकारार्थी मान हलवली. त्या ओट्याला टेकल्या. मग त्या हळू आवाजात बोलायला लागल्या. त्यांना हळू आवाज आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"मी ड्यूटीवरनं आले की न्हाणीत जायची. बादलीत नळ सोडायची आन पाटावर नुसती बसायची. आंघोळ कवाच झाल्याली आसायची. नळ चालू हाय म्हटल्यावर कोन हाक मारत न्हाय. तुझे मामा म्हनायचे, बाईला स्वच्छतेची लई आवड. पानी वाया जातंय म्हनून बोलायचे बी."

"आत काय करायचा, आत्या?"

"काय न्हाय. बसायची."

मला रडू आलं. चहात पडू नये म्हणून मी तोंड बाजूला केलं.

"हॉलमदी खेळलीस तर च्या तुलाच कराय लागनार," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता नेहमीचा झाला होता. "त्ये खोकं परत दिऊन टाका. तू कॉम्प्युटर घे. आन दार लाव."

"लोक काय म्हणतील?"

"त्ये मी बघते. आदी ह्यो च्या द्ये, निवालाय."

सासऱ्यांनी थोडी कुरकुर केली, नमुन्याचे दिवस अजून भरले नाहीत म्हणून. निकाल लागलाय, असं सासूबाईंनी त्यांना सांगितलं. कन्सोल गेला तेव्हा दोन्ही पेठा हळहळल्या आणि नवरा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलला. कॉम्प्युटर घ्यायला सासरे माझ्याबरोबर त्याच दुकानात आले. त्यांनी दुकानदाराला एकेक भाग खोक्यातून बाहेर काढून दाखवायला लावला, आणि ग्राफिक्स कार्ड तर दोन्ही हातांत धरून उजेडाकडं करून बघितलं. त्यातून त्यांना काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण घ्या म्हणाले.

आता दुपारी मी दार लावून खेळते. मागच्या महिन्यात अशाच एका दुपारी सासऱ्यांची बहीण बारशाचं बोलावणं करायला आली. लढाई सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून माझा एक कान मोकळा होता.

"सूनबाई दिसंना? झोपलीय व्हय?" बहिणीनं विचारलं.

माझा हात थांबला. पेपर तपासतेय, हे उत्तर या घरात कायम तयार असतं. देणाऱ्याला त्यात काही अवघड नाही आणि ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं.

"झोपली न्हाय," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "ती खेळालीय. हाक मारू नगा, दोन तासानं भाईर यील."

"खेळालीय? ह्या वयात? घरची सून?"

"मग कुठल्या वयात खेळायचं?" सासूबाई म्हणाल्या. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "आपलं न्हाय झालं खेळून."

मी हेडफोन दुसऱ्या कानावर ओढला. त्या फेरीत मी पहिल्याच मिनिटाला मेले. मला समोरचं काही दिसतच नव्हतं.